कोड छापण्याआधी काटा तपासा

महोदय,

गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही पणजी-म्हापशाच्या बाजारात ‘गोव्याचे काजू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटातला गर इथलाच आहे, असे छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. आफ्रिकेतून बिया आणून सोलणे बेकायदेशीर नाही. पण सोललेले गर एकदा एकत्र झाले की कुठला कुठला हे नजरेने ओळखणे कठीण. यावर हल्ली एकच उपाय सुचवला जातो: ब्लॉकचेन, म्हणजे सामायिक डिजिटल नोंदवही आणा आणि पाकिटावर क्यूआर कोड छापा. उपाय वाईट नाही, सुरुवात मात्र चुकीच्या टोकाकडून होते.

झालेली नोंद मागाहून कोणाला गुपचूप बदलता येत नाही, एवढीच ब्लॉकचेनची हमी. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा असतो आणि वहीची प्रत सगळ्या सहभागींकडे असते. बिया गोव्यातल्या सत्तरीच्या की आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या, हे तिला कसे कळणार? खोटे वजन भरले तर तेच कायमचे जपले जाते.

म्हणून पहिली नोंद खरेदीच्या काट्यावरून थेट व्हावी, हाताने आकडा टाकायची सोयच नको. गावात रेंज नसेल तर नोंद यंत्रात साठून नंतर चढावी, मात्र वेळ तोलल्याचीच हवी. विकणाऱ्याचे, बागेच्या क्षेत्राची नोंद असलेले कृषी कार्ड तिला जोडले, की एक हेक्टर बागेच्या नावावर पाच टन बिया खपवणे लगेच उघडे पडेल.

वजनाबरोबर ओलाव्याचीही नोंद हवी. बहुतेक योजनांत नेमका हाच रकाना नसतो. 20 टक्के ओलाव्याच्या 100 किलो बिया वाळवून 8 टक्क्यांवर आणल्या की सुमारे 87 किलो उरतात. ओलाव्याची नोंद नसेल तर ही 13 किलोंची तूट बाहेरच्या बियांनी बिनबोभाट भरून काढता येते, कागदावर वजन जुळतेच.

खरी मेख त्यापुढे, कारखान्यात आहे. वाळलेल्या बियांच्या 80 किलोंच्या पोत्यातून साधारण 20 ते 22 किलो गर निघतो, तुकडा धरून. म्हणजे 28 टक्के ही सढळ मर्यादा झाली. हजार किलो वाळक्या गोव्याच्या बिया नोंदल्या असतील तर 280 किलो गराचेच, म्हणजे पाव किलोच्या 1,120 पाकिटांचेच कोड प्रणालीने द्यावेत. 1,121 वा कोड निघताच कामा नये. ही अट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या नियमांच्या प्रोग्राममध्ये बसवता येते. ती नसेल तर ब्लॉकचेन म्हणजे नुसती महागडी वही.

सगळ्या पाकिटांवर एकच क्यूआर छापणे निरर्थक आहे, त्याची फोटोकॉपी कोणीही काढील. प्रत्येक पाकिटाला वेगळा क्रमांक आणि आत खरवडून पाहायचा एकदाच चालणारा कोड हवा. तोच क्रमांक सकाळी मडगावात आणि दुपारी मुंबईत तपासला गेला तर इशारा मिळावा.

साधा डेटाबेस का नको, हा प्रश्न रास्तच आहे. निर्यातीच्या द्राक्षांचा माग अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली 2006 पासून ब्लॉकचेनशिवाय ठेवते. वही सांभाळणाऱ्या एका संस्थेवर सर्वांचा विश्वास असेल तर तेवढे पुरते. वॉलमार्टने ब्लॉकचेन वापरून आंब्यांचा माग सात दिवसांऐवजी 2.2 सेकंदांत काढून दाखवला, हे उदाहरण सगळे देतात. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचे ट्रेडलेन्स हे मालवाहतुकीचे ब्लॉकचेन व्यासपीठ उद्योगाची पुरेशी साथ न मिळाल्याने 2023 च्या सुरुवातीला गुंडाळले गेले, ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे बागायतदारांच्या संस्था, प्रक्रिया उद्योग, विक्रेते आणि कृषी खाते एकाच वहीवर विसंबतील असे दिसत नाही, म्हणून चौघांकडे प्रत असलेली परवानगीची (म्हणजे ठरलेल्यांनाच प्रवेश असलेली) ब्लॉकचेन इथे शोभेल. कोड देण्याची किल्ली मात्र कारखानदाराच्या हाती नको.

आणखी एक. इथे नोंद खोडता येत नाही. 50 किलोंचे 500 झाले तर उलट नोंद करूनच दुरुस्ती होते. ती खरेदीदार आणि विकणारा अशा दोघांच्या संमतीनेच व्हावी. नाहीतर ‘दुरुस्ती’च्या नावाखाली शिल्लक वाढवून जादा कोड काढण्याची नवी वाट मोकळी होईल.

आपला,
काजू व्यवसायातील एक वाचक, वाळपई