बटण दाबण्याआधी वाचा

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतेय. मिळेल तेव्हा माझ्या गाडीने कणकवली सोडलं असेल. बाबा, रागवायच्या आधी चहा घ्या. बिनसाखरेचा.

काल तुम्ही झोपल्यावर कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून मी नवी एसएसडी (तसलीच पण चकती न फिरणारी, जलद डिस्क) बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. विचारलं असतं तर म्हणाला असतात, "चलता हा मगे, माका खय जावचा हा?" चालतोय? बटण दाबून तुमची आंघोळ-पूजा होते तरी चक्र फिरतच असतं. परवा आंब्याच्या पेट्यांचा हिशोब उघडेपर्यंत माऊसवर हात ठेवून तुम्हाला डुलकी लागली. मी दारातून बघत होते.

चूक माझीच. 2016 मध्ये फुकट मिळतंय म्हणून विंडोज 10 मीच चढवलं. तोवर 7 वर बिचारा बरा चालायचा. 2 जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) कागदावर पुरते, पण भरली की सगळी उचल-ठेव हार्डडिस्कवर. म्हणून ती घरघर. त्या 10 चाही सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 11 ला 4 जीबी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, ते आपल्याकडे नाही. नवा घ्या म्हटलं की तुम्ही फवारणीचा खर्च ऐकवता.

रॅमच्या पट्टीवर खाऱ्या हवेचं काळपट पुट होतं. खोडरबराने घासलं. बॅटरी पेटेना की सेलची टोकं माझ्याच फ्रॉकला पुसायचात, आठवतं? (आत पालीची दोन अंडीही होती. आई, हे वाचू नकोस.)

तुमच्या सगळ्या फाईली, गणपतीचे फोटो तिथेच आहेत. एक्सेलच्या जागी कॅल्क आहे. तीन हंगामांच्या बेरजा मी ताडून पाहिल्यात. मराठीच्या कळाही त्याच. आई, नातवाचा व्हिडिओ कॉल मधल्या मोठ्या चित्रावर.

आता ऐका. एका वेळी दोन-तीनच टॅब उघडायचे. वीज आल्या आल्या चालू करायचा नाही, दहा मिनिटं थांबायचं. "तुमच्यात व्हायरस आहे" असा फोन आला तर ठेवून द्यायचा. रात्री दहानंतर हिशोब बंद. प्रेशरची गोळी आईने समोर उभं राहून द्यायची.

जुनी हार्डडिस्क पुसलेली नाही. पंचांगाच्या खणात, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलीय. नाहीच जमलं, तर गणपतीत येईन तेव्हा परत बसवून देईन.

तुमची,
बाय