काळूचे डोळे आणि खिडकीतलं ऊन

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता कुठे जाणं-येणं होत नाही, फोटो काढू तरी कशाचे?" फोन ठेवला, पण ते वाक्य काही मनातून जाईना. एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून कसं बघायचं हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या तोंडून असं ऐकलं की जीव हलतो.

आज शिल्लक असलेला कॅमेऱ्याचा सर्वांत जुना फोटो घराच्या खिडकीतूनच काढलेला आहे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून समोरची छपरं आणि भिंती टिपल्या. मला त्याहून जवळचा वाटतो तो प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवर साठलेलं दव, बाहेरचं वेडंवाकडं झाड, कठड्यावर ठेवलेला पेला. खिडकी तीच, काच मात्र रोज वेगळी.

आपल्याकडे तर त्या खिडकीखाली काळू झोपलेला असतो!

त्याचे फोटो राखाडी येतात अशी तुमची तक्रार आहे ना? दोष तुमच्या हाताचा नाही. समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं असणार असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. समोर सगळंच काळं दिसलं की तो फोटो उगाच उजळवतो. म्हणून मोबाईलच्या पडद्यावर काळूच्या डोळ्यावर बोट टेकवा, शेजारी छोटा सूर्य दिसेल, तो जरा खाली ओढा. काळा रंग काळा होईल आणि पाठीवरच्या केसांची चमक उठून दिसेल. मनी पांढरी, तिच्यासाठी तोच सूर्य थोडा वर. फ्लॅश मात्र दोघांवरही नको. त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, तो उजेड परत फेकतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटल्यासारखे दिसतात. शिवाय काळू दचकतो ते वेगळंच.

फोटो वरून काढला की त्याचं नुसतं डोकं मोठं दिसतं. त्याच्या नजरेच्या उंचीवर यायला हवं, पण त्यासाठी तुम्ही जमिनीवर बसू नका, गुडघे धरतील. बुटक्या स्टुलावर बसा आणि मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या टोकाला येते. मग हात नुसता खाली सोडला तरी पुरे. एका वेळी दहा-बारा काढा. त्यातल्या एखाद्यात कान बरोबर उभा असतो.

आई म्हणाली, त्याच्या हनुवटीवर पांढरे केस आलेत. ते ऐकल्यापासून मला राजा आठवतोय. राजा आपल्याकडे इतकी वर्षं होता, पण त्याचा एकही धड फोटो नाही. एका वाढदिवसाच्या फोटोत कडेला त्याची अर्धी शेपूट आहे, तेवढीच. तेव्हा रोलमध्ये छत्तीसच फोटो मिळायचे, ते तुम्ही समारंभांसाठी राखून ठेवायचात आणि फोटोच्या वेळी राजाला बाजूला करायचात. तेव्हा ते बरोबरच होतं. आता छत्तीसची मोजणी नाही, तर काळूच्या पंजाचासुद्धा एक फोटो काढा. त्याचं पांघरूण, दाराशी त्याने घासून गुळगुळीत केलेली जागा, आईच्या चपलेवर ठेवलेली हनुवटी, हे सगळं मला हवंय.

मी इथे रोज एक तरी फोटो काढते, बहुतेक घरातलाच. कालचा होता वाळत घातलेल्या चादरीतून गाळून आलेल्या उन्हाचा. त्यासाठी काही शोधावं लागलं नाही, कपडे काढायला गेले होते. सकाळी आणि उतरत्या दुपारी ऊन तिरपं येतं, भांड्याची, चष्म्याची, वर्तमानपत्राच्या घडीचीसुद्धा लांब सावली पडते. भर दुपारी मला काही सुचत नाही, तेव्हा मीही कॅमेरा ठेवून देते.

आई, एक काम तुझ्याकडे. आपल्या जुन्या अल्बमात बाबा जवळजवळ नाहीतच. एका फोटोत त्यांची सावली तेवढी आहे, कॅमेरा धरलेली, तुझ्या-माझ्या पायांपर्यंत आलेली. तो फोटो मी माझ्या टेबलावर लावलाय. उद्या सकाळी बाबा स्टुलावर बसून काळूसमोर वाकले की तू मागून हळूच तुझा मोबाईल काढ. काळूला हाक मात्र मारू नकोस, नाहीतर दोघंही वळून बघतील.

तुमची लेक