तुझी ती युटिल्स फाईल

सोनू,

तुझा कोड वाचला रे काल रात्री. ती युटिल्स फाईल, म्हणजे तुझ्या सी प्लस प्लस प्रोग्रामची किरकोळ कामांची फाईल, काय आहे बाबा, एकाच कामाची तीन-तीन फंक्शनं, एक साध्या स्ट्रिंगला (म्हणजे मजकुराच्या तुकड्याला), एक वाइड स्ट्रिंगला (मोठ्या आकाराच्या कॅरेक्टरांच्या), एक कॅरेक्टरांच्या व्हेक्टरला (म्हणजे यादीला), आणि आतला लूप तिन्हीकडे सेम टू सेम. तू म्हणतोस चार ओळींच्या ट्रिमसाठी, म्हणजे कडेच्या स्पेस काढायला, बूस्टची (सी प्लस प्लसच्या तयार लायब्रऱ्यांचा संच) स्ट्रिंग अल्गोरिदम लायब्ररी कशाला ओढून आणायची. नको आणूस, माझी सक्ती नाही, पण ती बांधलीये कशी ते बघ आणि मग ठरव.

त्यातल्या अल्गोरिदमला तू दिलेली वस्तू नक्की कुठल्या टाइपची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि पुढच्या कॅरेक्टरवर कसं जायचं, एवढं कळलं की त्याचं भागतं. आयडिया बूस्टची नाही, अलेक्झांडर स्टेपानोव्हच्या एसटीएल नावाच्या लायब्ररीतून आलेली, जी 1998 च्या पहिल्या सी प्लस प्लस स्टँडर्डमध्ये होती. म्हणजे तुझी ती तीन फंक्शनं एका टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कुठल्याही टाइपला चालणाऱ्या साच्यात, बसतात, प्रत्येक टाइपसाठी लागेल तसा कोड कंपायलर स्वतः काढतो. फुकट नाही हं काही, कंपाइलला वेळ लागतो आणि एखादा टाइप चुकला की जी पानभर एरर येते ती वाचताना माणूस रडकुंडीला येतो.

मला स्वतःला आवडतं ते नावांचं शिस्तीतलं काम. टू अपर (सगळं कॅपिटल करणारं) म्हटलं की तीच स्ट्रिंग जागच्या जागी बदलते, टू अपर कॉपी म्हटलं की मूळ तशीच राहते आणि नवीन मिळते, दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का बघणाऱ्या इक्वल्सच्या आधी आय लागला की लहान-मोठ्या लिपीचा फरक बघत नाही. तुझ्या फाईलमध्ये कुठलं फंक्शन मूळ स्ट्रिंग बदलतं हे आत शिरून वाचल्याशिवाय कळत नाही, आणि हे मला खरंच खटकलं.

आता स्प्लिट, म्हणजे सेपरेटरपाशी स्ट्रिंगचे तुकडे करणं, कारण घोळ तिथेच होणार आहे तुझा. सेपरेटर कुठले ते सांगणाऱ्या इज एनी ऑफला दोन कोलन दिलेस तर तो "जोडीने आलेले दोन कोलन" असं समजत नाही, यातलं कुठलंही एक कॅरेक्टर असंच समजतो, म्हणजे एक कोलन दिला काय आणि दोन दिले काय, सारखंच. शिवाय दोन कॉमा लागोपाठ आले तर मध्ये एक रिकामा तुकडा मिळतो. स्प्लिटला टोकन कंप्रेस ऑन हा पर्याय दिलास की लागोपाठचे सेपरेटर एक धरले जातात, पण स्ट्रिंगच्या सुरुवातीला किंवा शेवटी सेपरेटर असेल तर तिथला रिकामा तुकडा तरीही येतोच! लोक इथे हमखास फसतात आणि मग लायब्ररीत बग आहे म्हणून ओरडतात.

शोधून देणारं फाइंड कॉपी देत नाही, मूळ स्ट्रिंगमधली रेंज (कुठून कुठपर्यंत ती जागा) देतं, त्यामुळे फास्ट आहे, पण मूळ स्ट्रिंग नष्ट झाल्यावरही ती रेंज ठेवून दिलीस तर ती हवेत लोंबकळतेय असं समज.

आणि हो, स्ट्रिंग उलटी करणारं तुझं ते रिव्हर्स. कॅरेक्टर म्हणजे अक्षर नव्हे रे. "मराठी" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडचे कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेला नंबर) पाच आणि यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत बाइट पंधरा. बाइट उलटवलेस तर कचरा मिळेल, कोड पॉइंट उलटवलेस तर वेलांटी सगळ्यात पुढे येऊन बसेल आणि काना र ला सोडून ठ ला चिकटेल. टू अपरचंही तेच, एका कॅरेक्टरच्या बदल्यात एकच देतं, पण जर्मन एस्झेट (ß) या अक्षराचं कॅपिटल करायला गेलं की सहसा दोन एस होतात, ते त्याला जमायचं नाही. युजरने टाइप केलेला मजकूर असेल तर सरळ आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी वापर, कॉन्फिग फाईल आणि लॉगच्या ओळींना बूस्ट पुरतं. नुसतं स्टार्ट्स विथ (स्ट्रिंग अमुकने सुरू होते का) हवं असेल तर सी प्लस प्लस 20 मध्ये स्टँडर्ड स्ट्रिंगलाच आलंय, तेवढ्यासाठी बूस्ट नकोच.

तर ट्रिम आणि स्प्लिटच्या तुझ्या तिन्ही आवृत्त्या काढून टाक, रिव्हर्स कुठे वापरलंयस ते मला सांग, आणि टेस्टमध्ये एक रिकामी स्ट्रिंग, एक नुसत्या स्पेसची आणि एक कॉमाने संपणारी टाक. तिसरीला काय आउटपुट येतं ते पाठव.

आई