नित्या खेळ सोडतोय

दादर, सोमवार रात्र

प्रिय बाळ्या,

नित्या आमचा रविवारचा डंजन्स अँड ड्रॅगन्स सोडतो म्हणतोय, म्हणजे तो एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. भांडून सोडला असता तर फोनवर चार शिव्या घालून परत आणला असता. पण हा शांतपणे म्हणाला, "माझं तिथे काम काय?" बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग खरंच काय काम आहे त्याचं?" आता तुझ्याशिवाय कोणाला लिहू? आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर बरी.

तर रविवारी मेगाब्लॉक उठल्याशिवाय बदलापूरवाला पोचत नाही आणि नऊ वाजले की सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. मधे वडापाव, बंड्याच्या ऑफिसातलं राजकारण. त्यात एकच मारामारी बसते. शिऱ्याचा विझर्ड, म्हणजे जादूगार, दारातूनच आगीच्या गोळ्याचा मंत्र, दोन फायरबॉल, टाकतो. आठ-आठ फासे, त्यातले दोन हमखास सोफ्याखाली. नित्याचा फाइटर तलवार उपसून आत शिरतो तोवर आत जळकी हाडं. लगेच शिऱ्या म्हणतो, "लाँग रेस्ट." झोपले, उठले, फायरबॉल पुन्हा हजर.

हसू नकोस. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात, स्वच्छ लिहिलंय, एका दिवसात सहा ते आठ झटापटी धरा. विझर्डने मंत्र दिवसभर पुरवून वापरायचे. फाइटरला तासाभराचा शॉर्ट रेस्ट मिळाला की त्याचे डाव परत येतात. सहाव्या झटापटीला विझर्ड रिकामा आणि फाइटर उभा, असा तो सगळा हिशोब. आम्ही एकच झटापट ठेवली. नियम एकही मोडला नाही आणि नित्या बेकार झाला. आमच्या तिसऱ्या मजल्यावाल्यांनी हॉल मोठा करायला भिंत पाडली, भेगा चौथ्या मजल्याला गेल्या, तसलाच प्रकार.

म्हणून तू बरोबर होतास असं मी म्हणणार नाही. तू याच खेळाच्या जुन्या, लाल डब्यातल्या आवृत्तीच्या काळात मशाली मोजायचास. सहा टर्न, म्हणजे एक तास, की विझली! आम्ही अंधारात मेलो आणि तू वहीत वेळ लिहून घेतलीस. वर १९७९ च्या पुस्तकातला गायगॅक्स, खेळाच्या कर्त्यांपैकी एक, ऐकवायचास, वेळेची नोंद नाही तर कॅम्पेनला, म्हणजे लांब चालणाऱ्या खेळाला, अर्थ नाही. त्याच माणसाच्या १९७४ च्या पुस्तिकांच्या शेवटी 'तुमच्यासाठी कल्पना आम्हीच का करायची' अशा अर्थाचं लिहिलंय, हे मी काढलं की तुला चहा आठवायचा. आणि त्या जुन्या नियमांत सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक पॉइंट, राक्षस मारून चिल्लर! म्हणजे माल उचलून पळणं हाच शहाणपणा. आपण दिसेल त्याला कापत सुटलो, मजा आलीच ना? १९९१ च्या व्हॅम्पायर या दुसऱ्या खेळाचंही तेच. आपल्यातल्या जनावराची भीती वाटावी म्हणून लिहिलेला खेळ, पोरांनी त्यात काळे कोटवाले सुपरहिरो केले. करू देत की. मला एवढंच खटकतं की जे काढलं त्याच्या जागी आम्ही काहीच ठेवलं नाही, आणि त्याची किंमत एकटा नित्या देतोय.

माझा बेत असा, की खेळातला एक दिवस तीन-चार रविवार चालवायचा. पुस्तकातच एक पर्याय आहे, आठ तासांचा शॉर्ट रेस्ट आणि सात दिवसांचा लाँग रेस्ट. शिऱ्याला सांगितलं तर, "म्हणजे महिनाभर मला दोनच फायरबॉल?" आता तोही फुगलाय. बंड्या म्हणतो नित्याला एखादी जादूची तलवार देऊन टाक. लाच! बंड्याला ऑफिसात जे जमतं तेच सुचणार.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? चिरंजीव दहावीला ना यंदा? वहिनींना नमस्कार.

नित्याला तू फोन कर. पुस्तक काढू नकोस, नुसतं विचार, फाइटर घेऊन त्याला नेमकं काय करायचं होतं. मला ते तो सांगत नाही. नऊनंतर कर, आधी तो लोकलमध्ये असतो, काही ऐकू येत नाही.

तुझा,
अव्या