शिकवणीचा मोबदला

दांडिया बाजार, वडोदरा

चि. मिलिंद यास आईचे अनेक आशीर्वाद.

जर्मन भाषेची बी-२ परीक्षा, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी, उत्तीर्ण झाल्यावर इथे परत येऊन खाजगी शिकवण्या घेण्याचा तुझा विचार मला मनापासून पसंत आहे. तासाला किती घ्यावेत, असे तू विचारले आहेस. पण निव्वळ तासावर दर ठरवू नये, असे मला घरी इतकी वर्षे दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवल्यावर ठामपणे वाटते. एकट्या विद्यार्थ्याकडून तू तासाचे ४०० रुपये घेतलेस आणि त्या तासाची तयारी, वह्या तपासणे, निरोपांना उत्तरे देणे यांत आणखी एक तास गेला, तर तुला तासाचे २०० रुपयेच मिळाले. पाच जणांचा वर्ग घेऊन प्रत्येकी १५० घेतलेस तर ७५० होतात आणि तयारी जवळजवळ तेवढीच लागते. तपासणी मात्र पाचपट होते, हेही हिशेबात धर. माझ्या मते सुरुवातीला चार-पाच जणांचे दोन वर्ग आणि एखादाच स्वतंत्र विद्यार्थी, इतकेच असावे.

फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आगाऊ घे आणि पावती दे. विद्यार्थ्याने आदल्या संध्याकाळपर्यंत कळवले नाही तर बुडालेला तास धरला जाईल, हे पहिल्याच दिवशी लिहून दे. आपल्या ओळखीतले, नात्यातले लोक येतील आणि पैशाचा विषय काढताना तुला अवघड वाटेल, हे मी जाणते. विद्येचे पैसे काय मागायचे, असे म्हणणारे भेटतीलच. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी संपूर्ण बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलांना फी नव्हती, पण शिक्षकांना पगार होता. तुझ्यामागे असा खजिना नाही, म्हणून शिकणाऱ्यानेच तो भार उचलायचा आहे. खरोखर अडचणीत असलेल्या एखाद्या मुलाला सवलत जरूर दे, पण ती तू ठरवून दे. कोणी घासाघीस करून घेऊ नये.

आता ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटते ती लिहिते. आपल्या शहरातून जर्मनीला जाऊ पाहणारे पुष्कळ आहेत. पती किंवा पत्नीकडे राहायला जाणाऱ्यांना व्हिसासाठी सामान्यतः ए-१ लागते, तर परिचारिकांना तिथे पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-२. ही माणसे घाईत असतात आणि घाईतल्या माणसाला आश्वासन विकणे फार सोपे असते. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानेच ए-१साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका आणि बी-२पर्यंत एकूण ६०० ते ८०० तासिका लागतात, हा आकडा प्रत्येकाला प्रवेशाच्या वेळी सांग आणि कितीही पैसे देऊ केले तरी महिन्याभरात परीक्षा काढून देण्याची हमी देऊ नकोस. तू स्वतः बी-२पर्यंत शिकला आहेस, तेव्हा सध्या ए-१ आणि ए-२ इतकेच शिकव. वरच्या पातळीचा विद्यार्थी आला तर त्याला योग्य जागी पाठव.

या दोन पातळ्यांवर तुझ्यासारखा शिक्षक मुलांना उपयोगी पडेल, कारण मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत नपुंसकलिंग आहे, हिंदीत ते नाही. जर्मनमधले तिसरे लिंग इथल्या मुलांना मुळातच परके नाही आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हेही त्यांच्या सवयीचेच आहे. प्रत्येक शब्दाचे लिंग मात्र त्यांना पाठच करावे लागेल. इंग्रजीतून शिकवणाऱ्या वर्गात हा आधार सहसा घेतला जात नाही. तू तो घे आणि त्याचा मोबदला संकोच न करता माग.

मिळकतीचा काही भाग सी-१च्या तयारीसाठी दरमहा बाजूला काढ. अरविंद घोष बडोदा कॉलेजात आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवत होते, तरी बंगाली सुधारण्यासाठी त्यांनी बंगाली लेखक दीनेंद्रकुमार रॉय यांना बडोद्यातल्या आपल्या घरी ठेवून घेतले होते. भाषेच्या शिक्षकाने स्वतःच्या शिकण्यावर खर्च करणे मला तुझ्या धंद्याचा खर्चच वाटतो.

बारा महिने सारखी आवक धरू नकोस. नवरात्रात इथे संध्याकाळचा वर्ग भरणारच नाही, म्हणून ते नऊ दिवस सकाळी ठेव. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस सुटीच दे. मे महिन्यात निम्मी मुले गावी जातील. शिकवणीचे बँक खाते वेगळे ठेव. वर्षाची एकूण जमा २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागणार नाही, पण प्राप्तिकराचे विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भर.

पुढची खोली सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ तुझ्यासाठी मोकळी राहील, तसे तुझ्या बाबांशी बोलणे झाले आहे. फळा इथेच रावपुऱ्यात घेऊ. पहिल्या विद्यार्थ्याला होकार देण्यापूर्वी दर आणि नियम एका कागदावर लिहून मला पाठव; मी वाचून, जिथे पालक हटकून वाद घालतील त्या जागा दाखवीन.

तुझी,
आई