साहेब, तुमचे पंधरा दिवस कधी संपतात?

मा. मंत्रिमहोदय,
गोवा सरकार, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

नाव मुद्दामच घालत नाही. चतुर्थीच्या आधी डिचोली तालुक्यातल्या एका गावात ज्यांनी सभागृहाचं उद्घाटन केलं, नारळ एका फटक्यात फुटला म्हणून ज्यांना टाळ्या पडल्या, त्यांनी हे पत्र आपलं समजावं.

त्या दिवशी शेवटच्या रांगेतून उठून सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-पठारावरच्या, बाईकांचं काय करणार, असं विचारणारा म्हातारा तो मीच. तुम्ही माईक तोंडाशी धरून सांगितलंत, "पंदरा दिसांनी सड्यार एक लेगीत बायक दिसची ना." म्हणजे पंधरा दिवसांत सड्यावर एकसुद्धा बाईक दिसणार नाही. मी घरी येऊन कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला गोल केला. त्यानंतर दिवाळी झाली, जत्रा झाली, शिगमा झाला, आता काजूचा हंगाम संपत आला. कॅलेंडरसुद्धा बदललं, साहेब.

गेल्याच्या गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे सात वाजलेले. माझी बायको सड्याच्या उतारावर आमच्या काजूंखाली बिया वेचत होती. वरून, जुन्या खाणीच्या रस्त्यावरून, चार बाईक आल्या. मडगार्ड उंच, टायरला गाठी गाठी, पुढं दिवा नाही, मागं नंबर नाही. तिसरा गडी रस्ता सोडून सरळ झाडांतून उतरला. ती बाजूला झाली, पाय पाल्यावरून घसरला आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. त्या पोरानं गाडी थांबवली, हेल्मेटची काच वर केली, "आंटी, ठीक है ना?" म्हणाला आणि उत्तर ऐकायच्या आत गेला. मी पोचलो तेव्हा टोपली उपडी होती. चिरडलेल्या बोंडूंवर, काजूच्या फळांवर, टायरच्या गाठींचे छाप स्पष्ट उमटले होते, भाकरीवर बोटं उमटतात तसे, आणि त्या पिवळ्या रसाला मुंग्या लागायला सुरुवातही झाली होती.

मी कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवर 31 वर्षं ड्रायव्हर होतो. गाडी म्हणजे काय आणि वळणावर ती कशी सांभाळायची, हे मला कोणी शिकवू नये. आमच्या बसचा आरसा एखाद्या कठड्याला घासला तरी डेपोत उत्तर द्यावं लागे. हे लोक माणसाचं हाड मोडतात आणि उत्तर द्यायला यांना नंबर प्लेटसुद्धा नाही.

तक्रार केली नाही असं समजू नका. आजवर पाच अर्ज केले, त्यांतले दोन "सापडत नाहीत". पाचव्या वेळी एका साहेबांनी मला कायदा समजावला, की सडा हा सार्वजनिक रस्ता नाही, तिथं मोटार वाहन कायदा लागत नाही. मी निवृत्त माणूस, वेळच वेळ. पुतणीनं फोनवर कायदा काढून दिला. 1988 चा कायदा, कलम 2, पोटकलम 34. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो, ती सार्वजनिकच. आमची गुरं, आमच्या बायका, रवळनाथाची पालखी त्या सड्यावरून जाते ती काय व्हिसा काढून? पुढं वाचलं. नोंदणी नसलेली गाडी चालवायची नाही, हे कलम 39. ती अडकवून ठेवायचा अधिकार पोलिसांना आहे, हे कलम 207. सायलेन्सर बदलून आवाज केला तर 190, दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिने कैद. चालवणारा अठराच्या खालचा असेल तर 199अ, बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. म्हणजे कायदा आहे, भरपूर आहे. साहेब, तुमच्याकडं तो कुलपात आहे आणि किल्ली कोणाच्या भाच्याकडं आहे, ते गावाला माहीत आहे.

कायदा अगदीच चालत नाही असंही नाही म्हणा. प्लास्टर घातल्यावर औषधं आणायला मी घाईघाईनं स्कूटरवर निघालो, हेल्मेट घरीच राहिलं. नाक्यावर अडवलं, एक हजाराचं चलन. चूक माझीच, भरले. पण चलन फाडणाऱ्या पोराला मी विचारलं, "बाबा, सड्यावर कधी येतोस?" तो म्हणाला, "आमची जीप थंय चडना." जीप चढत नाही! 31 वर्षांत मला असं कारण सुचलं असतं तर मी चोर्ला घाटाची ड्यूटी कधी घेतलीच नसती.

आवाजाचं सांगतो. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, असा 2000 सालचा नियम आहे. पुतणीच्या मोबाइलवर आमच्या पडवीत आकडा 96 आला. मोबाइल खोटं बोलत असेल, मान्य. त्यातले वीस वजा करा, पंचवीस करा, तरी हिशोब जुळतो का बघा. परवाच्या रविवारी मी पायरीवर बसून फेऱ्या मोजल्या, दुपारी बारापर्यंत 41. एखाददुसरी दोनदा मोजली असेन, कारण मध्ये बीपीची गोळी घ्यायला उठलो होतो. ही गोळी चतुर्थीनंतर अर्ध्याची एक झाली आहे. गाय बिचकते, पान्हा चोरते. फेब्रुवारीत यांनी वायंगणाची मेर, म्हणजे उन्हाळी भातशेताचा बांध, कापून गाडी काढली. एका रात्रीत सगळं पाणी खालच्या व्हाळात गेलं आणि खालच्या शेतकऱ्याशी माझं विनाकारण भांडण झालं. वीस वर्षांचा शेजार, आता वाटेत भेटला तर मान फिरवतो. याचं चलन कुठल्या कलमाखाली फाडू?

आणि टिटव्या. तुम्हाला हसू येईल. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या सड्यावर चार खड्यांत अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात, आमच्याच लोकांना दिसत नाहीत, तर त्या हेल्मेटवाल्यांना कुठली दिसणार? यंदा रात्री टिटवी ओरडलेली मी ऐकली नाही.

माझा एक पुतण्या पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात, स्विंडनला गेला. तो म्हणतो, काका, हे दुखणं इथंही आहे, बागांतून, शेतांतून पोरं बाईक घालतात. पण तिथं 2002 चा कायदा आहे, कलम 59. त्रास देणाऱ्याला एकदा ताकीद, वर्षाच्या आत पुन्हा केलं तर गाडी पोलीस उचलून नेतात. दंड बाप भरतो, पण गाडी गेली की पोरगा पायी येतो. एवढंच मागणं आहे. मंडळ नको, समिती नको, "जागृती सप्ताह" तर नकोच. गाडी उचला.

पण उचलणार कोण? सडा कोणाचा विचारलं तर पंचायत म्हणते मामलेदाराला विचारा, मामलेदार म्हणतात खाणीचा, खाणवाले म्हणतात लीज गेली. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, ट्रक उभे राहिले, कर्जं राहिली आणि हे लाल रस्ते राहिले. काही ठिकाणी लिलाव होऊन काम पुन्हा लागलं म्हणतात, आमच्या पोरांना अजून लागलं नाही. 2011 च्या जनगणनेत आम्ही साडेचौदा लाख होतो, गाड्या म्हणे आता त्यापुढं गेल्या. दर आठवड्याला कोणीतरी तरुण रस्त्यावर मरतो, दर आठवड्याला तुम्ही फेसबुकवर हात जोडलेला फोटो टाकता. गोवा तुम्ही पाहुण्यांना भाड्यानं दिला आहे, साहेब. आम्ही आत राहतो, हे करारात लिहायचं राहून गेलं.

शेवटचं, आणि हे नीट वाचा. बायकोचा हात मोडल्यावर आमची पोरं तापली. दोन झाडांच्या मध्ये गळ्याच्या उंचीवर तार बांधूया, म्हणाली. मी शिव्या घातल्या. माणूस मरेल, म्हटलं. पण पोरांचा भरवसा नाही, म्हणून गेल्या शनिवारी रात्री मी टॉर्च घेऊन वर गेलो. तार होती. जांभळीच्या बुंध्याला तीन वेढे, दुसरं टोक काजूला. बॅटरी तोंडात धरून सोडवायला मला पाऊण तास लागला. रविवारी सकाळी सातला त्याच वाटेनं चारही गाड्या सुखरूप खाली आल्या. तिसऱ्यानं मला हातही केला.

दर शनिवारी जायचं म्हणतोय, पण माझं वय 69 आहे आणि पावसात तिथं शेवाळ धरतं. तार आमच्या पडवीत खुंटीला टांगली आहे.

आपला,
एक निवृत्त ड्रायव्हर