गुलबक्षीचा १:२:१ गच्चीवर मोजू द्या

संपादक महोदय,

बारावीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभावितेला (दोन रंगांपैकी एकही दुसऱ्याला पुरता झाकत नाही, मधला रंग येतो) उदाहरण असतं गुलबक्षीचं. लाल-पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी, पुढच्या पिढीत १:२:१, म्हणजे एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. चाळीच्या कठड्यावर डब्यातही वाढणारं हे झाड. तरी मुंबईत हा प्रयोग फळ्यावरच उरकतो. तो कॉलेजच्या गच्चीवर व्हावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

घोळ होतो तो बियाण्यात. रस्त्याकडेची बी मिश्र निघते. फुलांवर पट्टे किंवा शिंतोडे असलेल्या झाडाची बी तर घेऊच नये. त्यात रंगाचं जनुक अस्थिर असतं, एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर वेगळी फुलं येतात आणि गुणोत्तर जुळत नाही. निखळ लाल आणि निखळ पांढऱ्या झाडांच्या कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधून त्यांची बी धरावी, आणि पुढच्या पिढीत रंग टिकतो का ते आधी पाहावं.

आई, म्हणजे जिच्यावर बी धरायची ते झाड, पांढरी घ्यावी. संकर फसला तर रोप पांढरंच निघतं, लगेच कळतं. आई लाल घेतली तर लाल आणि गडद गुलाबी यांत फसगत होते. फूल चारच्या सुमारास उमलतं, म्हणून दोनच्या आसपास फुगलेल्या कळीची नळी टाचणीनं उभी चिरून पाचही पुंकेसर (पराग तयार करणारे तंतू) चिमट्यानं काढावेत. एकही राहिला तर फूल मिटताना केसर कुक्षीसह (पराग झेलणाऱ्या टोकासह) आत वळतात आणि स्वपरागण होतं, म्हणजे फुलाचाच पराग त्याला लागतो. संध्याकाळी लाल फुलाचे पराग कुक्षीला लावून पुन्हा पिशवी बांधावी. भर पावसात पराग भिजतात, ऑक्टोबर बरा.

एका फुलात बी एकच धरते, हे फार जण विसरतात. गुलाबी झाडांच्या बियांची आठच रोपं लावली, तर दहांतल्या एका वर्गाला पांढरं फूल दिसणारच नाही. निदान ४० लावावीत. मूळ कंदासारखं फुगतं, तेव्हा कुंडी दहा-बारा इंची हवी. बी आणि मूळ विषारी आहे. बी मोजून कुलुपात ठेवावी.

सकाळच्या सत्रातल्या मुलांना मात्र मिटलेलीच फुलं दिसतील. मोजणीचे चार-पाच दिवस त्यांना संध्याकाळी पाचला गच्ची उघडून द्यावी.

— काही जीवशास्त्र शिक्षक, दादर, मुंबई